इंटरप्ट-रेषांचा दुष्काळ आणि ड्रायव्हरांची वतनदारी

१/
पीसीच्या इतिहासावरील बहुतेक लेखनात एक विधान हमखास आढळते. आयबीएमच्या पहिल्या पीसीत इंटरप्टच्या रेषा आठच होत्या. त्यामुळे पुढची पंधरा वर्षे साउंड कार्ड, मोडेम आणि माउस यांची भांडणे मिटवताना लोक मेटाकुटीला आले. मग नवे हार्डवेअर आले आणि प्रश्न संपला. या विधानातला आकडा खरा आहे. कारण अर्धेच आहे. शेवट मात्र साफ खोटा आहे. #धागा

२/
ज्यांनी कार्डावरचे जम्पर कधी हाताळले नाहीत अशा तरुण वाचकांसाठी आधी मूळ गोष्ट. प्रोसेसर आपल्या कामात गर्क असतो. कळफलकावर कळ दाबली गेली, मोडेममध्ये एक अक्षर येऊन पडले, फ्लॉपीवरचा मजकूर वाचून झाला, हे त्याला कळायचे कसे? एक मार्ग असा की त्याने प्रत्येक उपकरणाला वारंवार विचारत राहावे. दुसरा असा की उपकरणाने एका तारेवर संकेत द्यावा, प्रोसेसरने हातातले काम बाजूला ठेवून त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला पाचारण करावे आणि ते उरकले की मूळ जागी परतावे. हा संकेत म्हणजे इंटरप्ट, आणि ती तार म्हणजे आयआरक्यू रेषा.

३/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या पीसीत या रेषांचा सारा कारभार इंटेलच्या ८२५९ए या एकाच चिपकडे होता. शून्य क्रमांकाची रेषा घड्याळाला आणि एक क्रमांकाची कळफलकाला दिलेली. या दोन मदरबोर्डवरच संपल्या. कार्डांच्या स्लॉटपर्यंत पोचल्या त्या दोन ते सात अशा सहाच. त्यांतल्या तीन आणि चार सीरियल पोर्टांना, सहा फ्लॉपीला, सात प्रिंटरला. पाच क्रमांकाची रेषा पुढे एक्सटी या मॉडेलच्या हार्ड डिस्कने घेतली.

डीएमएची, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घालता उपकरणाने थेट मेमरीशी देवाणघेवाण करण्याची, अवस्था याहून बिकट होती. वाहिन्या चार. एक मेमरी ताजी ठेवण्यात खर्ची पडलेली, एक फ्लॉपीकडे, एक एक्सटीच्या हार्ड डिस्ककडे. उरली एक.

४/
१९८४ साली एटी हे मॉडेल आले आणि त्यात दुसरी ८२५९ए बसवली गेली. ती पहिलीला जोडण्यासाठी पहिलीची दोन क्रमांकाची रेषा खर्च झाली, म्हणून एकूण रेषा सोळा न होता पंधरा झाल्या. डीएमए वाहिन्यांचेही तसेच: आठऐवजी सात. बेरीज-वजाबाकी करणारे इतिहासलेखक इथे लेखणी खाली ठेवतात. उपकरणे वाढत गेली, रेषा वाढल्या नाहीत, म्हणून टंचाई आली.

५/
दुष्काळाची चौकशी करताना पाऊस किती पडला एवढेच विचारून भागत नाही. विहिरी कोणाच्या ताब्यात होत्या, हेही विचारावे लागते.

६/
सात क्रमांकाची रेषा पाहा. कागदोपत्री ती प्रिंटरची. पण पीसीच्या बायॉसमधली छपाईची सेवा ही रेषा वापरतच नसे. ती पहिल्या मार्गाने चाले: प्रिंटरला पुन्हा पुन्हा विचारायचे, ‘मोकळा आहेस का?’, आणि होकार आला की पुढचे अक्षर टाकायचे. डॉसवरची बहुतांश छपाई याच मार्गाने होत असे. आठांतली एक रेषा अशा मालकाच्या नावे लागलेली होती, ज्याला तिची क्वचितच गरज पडे.

१९८९ साली साउंड ब्लास्टर कार्ड बाजारात आले, तेव्हा ते कारखान्यातूनच सात क्रमांकावर लावलेले असे. प्रिंटर असलेल्या असंख्य घरांत ते बिनबोभाट वाजले. ज्या रेषेला दोन दावेदार असल्याची हाकाटी झाली, ती बऱ्याच वेळा प्रत्यक्षात रिकामीच पडलेली होती.

७/
टंचाईचे पहिले खरे कारण रेषांच्या संख्येत नव्हते. त्या कशा ऐकल्या जातात यात होते. संकेत ऐकण्याच्या दोन रीती आहेत. एक: तार खालून वर जाते तो क्षण पकडायचा. दुसरी: तार संकेताच्या स्थितीत आहे तोवर ‘कोणीतरी बोलावत आहे’ असे समजायचे. पहिल्या रीतीत दोन उपकरणे एका तारेवर नांदू शकत नाहीत. एकाने तार वर नेऊन ठेवली असताना दुसऱ्यानेही ती वर नेली, तर नवा चढ उमटतच नाही आणि दुसऱ्याची हाक विरून जाते. दुसऱ्या रीतीत एकाचे काम झाले तरी दुसऱ्यामुळे तार त्याच स्थितीत राहते आणि प्रोसेसर पुन्हा वळून पाहतो.

८/
पीसीने पहिली रीत घेतली. ती चिपची मर्यादा होती काय? अजिबात नाही. ८२५९ए सुरू करताना तिला जो पहिला आदेश द्यावा लागतो, त्यात याच निवडीसाठी एक स्वतंत्र बिट आहे. चिपला दोन्ही रीती येत होत्या. आयबीएमच्या बायॉसने तो बिट पहिल्या रीतीवर ठेवला, आणि कार्डेही तारेला वर व खाली दोन्हीकडे जोर लावून ओढणारी बनली. अशी दोन कार्डे एका तारेवर बसवणे म्हणजे एका दोरीची दोन टोके दोघांच्या हाती देणे होय.

९/
‘त्या काळी एवढेच ठाऊक होते’ हा बचावही टिकत नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ या यंत्राच्या युनिबसवर अनेक उपकरणे एकाच विनंती-रेषेवर नांदत. प्रोसेसरने होकार दिला की तो होकार साखळीने एकेका उपकरणाकडून पुढे सरके. ज्याने हाक मारली असेल ते तो अडवून आपला पत्ता सांगे. ही रचना १९७० ची. १९७७ च्या ॲपल-२ मध्येही सर्व स्लॉटांना एकच सामाईक इंटरप्ट-रेषा पुरवलेली होती. वाटून घेण्याची विद्या पीसीच्या जन्माआधीची आहे.

आयबीएमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या त्या लहानशा गटाने बाजारात तयार मिळणारे भाग जुळवून सुमारे वर्षभरात हे यंत्र उभे केले. घाईत केलेल्या निवडीला त्यांचा तेवढा दोष नाही. तीच निवड दशकभर कुरवाळत बसणाऱ्यांचा आहे.

१०/
आता दुसरे कारण. याचा उल्लेख फार थोडे लोक करतात, कारण त्यात दोष हार्डवेअरवर ढकलता येत नाही.

पीसीच्या सीरियल कार्डावर ८२५० ही चिप असे. तिला ‘आउट-२’ नावाचा एक मोकळा पाय होता. आयबीएमच्या अभियंत्यांनी तो पाय एका फाटकाला जोडला. ड्रायव्हरने आउट-२ चालू केला की कार्डाचा संकेत इंटरप्ट-रेषेवर पोचे. बंद केला की कार्ड त्या रेषेपासून विजेच्या दृष्टीने पूर्ण अलग होई. जम्पर काढावा तसे, पण पेचकस न घेता. प्रिंटर पोर्टच्या नियंत्रण-रजिस्टरमध्येही असाच एक बिट होता.

११/
याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या यंत्राला ‘दरिद्री’ म्हणून हिणवले जाते, त्याच यंत्राने ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हाती रेषा घेण्याची आणि सोडण्याची कळ पहिल्या दिवसापासून दिली होती. काम असेल तेव्हा घ्या, संपले की सोडा. कॉम-१ आणि कॉम-३ हे दोन्ही पोर्ट चार क्रमांकाच्या रेषेवर बसवले जात ते याच भरवशावर: दोघांनी पाळीपाळीने वापरावी.

१२/
ड्रायव्हरांनी काय केले? संगणक सुरू होताच रेषा ताब्यात घेतली आणि वीज जाईपर्यंत सोडली नाही. उपकरण वापरात असो वा नसो. महिन्यातून दोनदा चालणारा स्कॅनर, सहा महिन्यांतून एकदा बोलणारे मापनयंत्र, प्रत्येकाच्या नावे एकेक रेषा कायमची.

मराठेशाहीचा इतिहास वाचणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटू नये. सरंजाम चाकरीपुरता असतो, वतन वंशपरंपरेने चालते, असा भेद पुस्तकांत असतो. (अठराव्या शतकात सरंजामही वतनासारखेच वंशपरंपरागत होऊ लागले, ती वेगळी कथा.) रेषा ही ड्रायव्हरला कामापुरती दिलेली होती. त्याने तिचे वतन केले.

१३/
इथे प्रामाणिकपणे एक कबुली आवश्यक आहे. माउस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर असताना, मोडेमने नंबर फिरवताच माउस गोठला, ही त्या काळातली घरोघरची तक्रार खरीच होती. दोन्ही उपकरणे एकाच क्षणी हवी असतील तर पाळी लावून काही साधत नाही. तिथे अपराध सातव्या भागात सांगितलेल्या रीतीचाच आहे. पण सर्व भांडणे या जातीची नव्हती. बरीचशी अशा दोन उपकरणांमध्ये होती जी एका वेळी कधीच चालत नसत, आणि तरीही एकमेकांना यंत्रात राहू देत नसत.

१४/
‘डॉसमध्ये दुसरा उपायच नव्हता’, हा पुढचा बचाव. त्यात थोडे तथ्य आहे. डॉसकडे रेषांची नोंदवही नव्हती. कोणताही प्रोग्राम इंटरप्टच्या तक्त्यात आपला पत्ता लिहून मोकळा होई. आधीच्या मालकाला खबरही लागत नसे. अशा बेबंद राज्यात हातची वस्तू सोडली तर परत मिळेलच याची शाश्वती कोणी द्यावी?

तरी उपायच नव्हता हे खरे नाही. डॉसच्या ३.० या आवृत्तीपासून ड्रायव्हरला ‘उपकरण उघडले’ आणि ‘उपकरण मिटले’ असे दोन निरोप मिळण्याची सोय झाली. ती आवृत्ती १९८४ ची, एटीच्याच सोबतची. उघडताना घ्यायचे आणि मिटताना सोडायचे, एवढे तरी त्या दोन निरोपांवर सहज करता आले असते. फार थोड्यांनी ते मनावर घेतले.

१५/
हेच काम त्याच हार्डवेअरवर करून दाखवले ते युनिक्सच्या परंपरेत वाढलेल्यांनी. १९९१ साली ३८६ प्रोसेसरच्या पीसीवर जन्मलेल्या लिनक्सला याच पंधरा रेषा वाट्याला आल्या होत्या. एकही जास्त नाही. पण तिथे रेषा हवी असेल तर कर्नेलकडे रीतसर मागावी लागे आणि ती दुसऱ्याकडे असेल तर ‘व्यस्त’ असे उत्तर मिळे. नोंदवही आली.

त्याहून महत्त्वाचा होता मागण्याच्या वेळेचा संकेत. लिनक्सचा सीरियल ड्रायव्हर यंत्र सुरू होताना पोर्ट शोधून ठेवी, पण रेषा मागे ती कोणी पोर्ट उघडल्यावर, आणि शेवटच्या वापरकर्त्याने मिटल्यावर ती परत करी. आउट-२ चे ते फाटक अखेर ज्यासाठी होते त्यासाठी वापरले गेले. १९९८ साली आलेल्या अलेसांद्रो रुबिनी यांच्या लिनक्स ड्रायव्हरांवरील पुस्तकात हीच शिकवण नवशिक्यांना दिलेली आहे: रेषा मॉड्यूल चढवताना मागू नये, उपकरण प्रथम उघडले जाते तेव्हा मागावी, किती जणांनी उघडले आहे याची मोजदाद ठेवावी आणि शेवटचा गेला की सोडावी.

१६/
या शिकवणीवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा. उघडतेवेळी रेषा मागितली तर नेमक्या गरजेच्या क्षणी नकार मिळू शकतो. सुरुवातीलाच घेतली की निदान नकार सुरुवातीलाच कळतो. रुग्णाशेजारच्या यंत्राला किंवा कारखान्यातल्या नियंत्रकाला मध्यरात्री ‘व्यस्त’ असे उत्तर परवडणारे नाही.

आक्षेप रास्त आहे, पण त्याचे क्षेत्र चिमुकले आहे. घड्याळ, डिस्क आणि अखंड चालणारी मोजकी उपकरणे यांनी रेषा धरून ठेवावी. त्यावर कोणाचे दुमत नाही. त्यांचा दाखला देऊन स्कॅनरनेही कायमचा हक्क सांगावा, ही लबाडी आहे. क्वचित कोणाला तरी नकार मिळेल या भयाने सर्वांना कायमचा नकार देऊन ठेवणे, असा तो न्याय झाला.

१७/
एक अपवाद मात्र मान्य करावाच लागतो, आणि तो शिकण्यासारखा आहे. जुन्या आयएसए कार्डांच्या डीएमएला मेमरीचे पत्ते चोवीस बिटांतच सांगता येत. त्यामुळे साउंड कार्डाचा बफर पहिल्या १६ मेगाबाइटांतच असावा लागे, सलग असावा लागे, आणि आठ-बिटी वाहिनीवर त्याला ६४ किलोबाइटची सीमा ओलांडता येत नसे. यंत्र काही तास चालले की मेमरी विखुरते आणि असा सलग तुकडा सापडेनासा होतो. बफर सोडला की तो गेलाच. म्हणून लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरला, बफर एकदा मिळाल्यावर धरून ठेवण्याचा पर्याय द्यावा लागला. रेषा सोडली तर ती तशीच्या तशी परत मिळू शकते. सलग मेमरी सोडली तर ती तुकड्यांनी परत येते. काय सोडावे आणि काय धरावे हे त्या वस्तूच्या स्वभावावर ठरते. सगळेच धरून बसणाऱ्याने तो स्वभाव ओळखण्याचे कष्टच घेतलेले नसतात.

१८/
या साऱ्या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण प्रिंटर पोर्टचे आहे. १९९५ च्या सुमारास झिप ड्राइव्ह लोकप्रिय झाला. तो प्रिंटर पोर्टला जोडायचा आणि प्रिंटर त्याच्या पाठीला. तारा एकच, उपकरणे दोन. लिनक्सच्या २.० आवृत्तीत प्रिंटरचा ड्रायव्हर आणि झिपचा ड्रायव्हर, दोघेही संपूर्ण पोर्ट आपलाच असे मानत. छापायचे असेल तर झिपचा ड्रायव्हर उतरवा, फाइल उतरवायची असेल तर प्रिंटरचा.

१९९९ च्या जानेवारीत २.२ आवृत्ती आली. तिच्यात पोर्टचा ताबा दोघांकडूनही काढून एका मध्यस्थाकडे दिला गेला. ड्रायव्हरने काम करण्याआधी पोर्टवर दावा सांगायचा, झाले की सोडायचा. दुसऱ्याला हवा असेल तर मध्यस्थ सध्याच्या धारकाला विचारतो, ‘सोडतोस का?’ धारक मध्येच अडकला असेल तर नाही म्हणू शकतो. मग मागणारा थांबतो आणि पोर्ट सुटताच त्याला कळवले जाते. छपाई आणि फाइलींची ने-आण एकाच वेळी चालू लागली. पोर्ट तोच, केबल तीच, चिपही तीच. हार्डवेअरमध्ये एका तारेचीही भर पडली नव्हती.

१९/
आता ‘नवे हार्डवेअर आले आणि प्रश्न संपला’ या शेवटाकडे. १९८७ मध्ये आयबीएमनेच मायक्रो चॅनल आणून वाटून घेता येणाऱ्या रेषा दिल्या. परवान्याच्या अटींमुळे इतर उत्पादक दूर राहिले. १९९५ च्या विंडोज ९५ ने जम्पर लावण्याचे काम माणसाकडून काढून यंत्राला दिले. ‘प्लग अँड प्ले’चे ‘प्लग अँड प्रे’ असे विडंबन झाले ते ठाऊकच आहे. वाटप कोण करणार ते बदलले. वाटप करून मोकळे व्हायचे, ही वृत्ती तशीच राहिली.

२०/
खरा पालट पीसीआयने केला. १९९२ च्या या बसमध्ये इंटरप्ट-रेषा दुसऱ्या रीतीच्या, म्हणजे सामाईक वापराच्या आहेत. विंडोज २००० ने अनेक यंत्रांवर सगळी पीसीआय कार्डे एकाच नऊ क्रमांकाच्या रेषेवर आणून बसवली, तेव्हा जुन्या जाणकारांची झोप उडाली. बहुतेक यंत्रे मात्र सुरळीत चालली.

सामाईक रेषेचा एक नियम असतो. हाक आली की प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या उपकरणाकडे पाहून ‘माझी’ किंवा ‘माझी नाही’ असे झटपट आणि खरे सांगायचे. कोणीच ‘माझी’ म्हटले नाही तर हाक तशीच चालू राहते आणि प्रोसेसर तिच्यातच गुरफटतो. लिनक्सने यासाठी मोजणी ठेवली आहे: एका रेषेवरच्या १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाल्या की कर्नेल ती रेषाच बंद करतो. त्यावरच्या सगळ्या उपकरणांसकट.

२१/
पुढे तारच नाहीशी झाली. आता उपकरण ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहिते आणि तोच इंटरप्ट ठरतो. एमएसआय-एक्स या पद्धतीत एकेका उपकरणाला २०४८ पर्यंत इंटरप्ट मिळू शकतात. संपूर्ण पीसीला आठ, आणि आता एका कार्डाला दोन हजार. सुबत्ता अवतरली, असे म्हणून जुनी शिस्त अडगळीत टाकणारे याच टप्प्यावर फसले.

२२/
इंटरप्ट कोणत्याही वाटेने आला तरी एक्स८६ प्रोसेसरमध्ये तो व्हेक्टर नावाच्या क्रमांकावर उतरतो, आणि प्रत्येक कोअरकडे असे क्रमांक २५६ च आहेत. पहिले ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. काही कर्नेल स्वतःसाठी ठेवतो. उपकरणांसाठी उरतात सुमारे दोनशे. मोठ्या सर्व्हरवरचे नेटवर्क कार्ड प्रत्येक कोअरमागे एक इंटरप्ट मागते, आणि अशी कार्डे अनेक असतात. काही ड्रायव्हर तर यंत्र सुरू होताच शेकड्यांनी व्हेक्टर अडवून ठेवत आणि त्यांतले कित्येक वापरतच नसत.

मग त्या यंत्राला निद्रावस्थेत न्यायची वेळ येई. त्यासाठी एक कोअर सोडून बाकीचे बंद करायचे असतात आणि त्यांचे इंटरप्ट चालू कोअरवर हलवायचे असतात. जागाच नसे.

२३/
हार्डवेअरमध्ये व्हेक्टर वाढवणे शक्य नव्हते. २०१७ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर यांनी लिनक्समधली वाटपाची पद्धतच नव्याने लिहिली, आणि २८ जानेवारी २०१८ रोजी आलेल्या ४.१५ आवृत्तीतून ती जगभर पोचली. तिच्यात ड्रायव्हरने सुरुवातीला इंटरप्ट मागून ठेवले तर साधारणपणे त्याच्या नावे केवळ नोंद होते. तोवर त्या उपकरणाला एक सामाईक, निरुपयोगी क्रमांक दाखवला जातो. खरा व्हेक्टर त्याच्या हाती पडतो तो ड्रायव्हर इंटरप्ट प्रत्यक्ष वापरायला घेतो तेव्हा, आणि त्याने सोडताच तो दुसऱ्यासाठी मोकळा होतो.